गोचिडा, आता तुझं नाव घेतलं जाईल

गोचिडास,

मुक्काम : कर्जत आणि खालापूर तालुके. कुत्र्याच्या कानाची आतली बाजू, म्हशीची कास, गोठ्याच्या कुडातली भेग, डोंगरवाटेवरच्या गवताचं टोक.

पत्राच्या डोक्यावर 'सप्रेम नमस्कार' लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी ती मोडतो. तुझ्याबद्दल प्रेम नाही, आणि हात जोडावेत असं तू काही केलेलं नाहीस. पत्र तुला आहे, पण लिहितोय ते चारचौघांत, कारण तुझा सगळा धंदा झाकून चालतो. तू चावतोस ते कळत नाही, रक्त पितोस ते कळत नाही, पोट भरलं की गळून पडतोस तेही कळत नाही. आठवडाभराने माणूस तापाने फणफणतो, तोवर तू कुठल्या तरी फटीत जाऊन बसलेला असतोस. घरात मग चौकशी होते ती पाण्याची, डासांची, बाहेरच्या खाण्याची, पावसात भिजल्याची. तुझं नाव कोणी घेत नाही. ते घेतलं जावं, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या भागात ज्यांची दहशत आहे त्यांची यादी शाळकरी पोरंही सांगतील : नाग, घोणस, मण्यार, फुरसं, विंचू. यातला विंचू तुझा भाऊबंद. त्याला आठ पाय, तुलाही आठ. कोळी, विंचू आणि तू एकाच कुळातले. पण विंचू तुझ्यापेक्षा सरळ. नांगी मारली की माणूस ओरडतो, घर गोळा होतं, आणि 'विंचू चावला' हे शब्द माणसाच्या आधी दवाखान्यात पोचतात. याच रायगड जिल्ह्यात, महाडकडे, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाचा पिच्छा पुरवला. विषामुळे हृदयावर येणारा ताण आणि फुप्फुसात भरणारं पाणी रोखायला प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी उपयोगी पडते, हे त्यांनी खेड्यातल्या दवाखान्यात काम करत दाखवून दिलं. ज्या दंशाने कोकणात माणसं हकनाक जात होती, त्यातली बहुतेक वाचू लागली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुझ्यावरही गोळी आहे. तीही साधी, तीही स्वस्त. पण विंचवाची गोळी वेळेवर दिली जाते आणि तुझी राहून जाते, कारण तू चावलास हे सांगायला कोणी तोंड उघडत नाही.

तुझी ताकद ती काय? तुला उडता येत नाही. साधी उडी मारता येत नाही. डोळ्यांनीही तू जेमतेम. तुझा सगळा पराक्रम म्हणजे वाट बघत बसणं. रानातली तुझी जात गवताच्या पात्यावर चढते, मागच्या पायांनी पातं धरून ठेवते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरते. त्या पायांच्या टोकाशी तुझं सगळं शहाणपण आहे. जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास हे सगळं तू तिथे टिपतोस. कोणी घासून गेलं की पकड घट्ट. खांडसहून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने भीमाशंकरला चढणारे, आंबिवलीहून पेठेमार्गे कोथळीगड गाठणारे, कोंदिवड्यावरून कोंढाणे लेण्यांकडे निघालेले, चौककडून इर्शाळगड बघायला येणारे, यांच्यातल्या किती जणांच्या पोटऱ्यांवर तू चढला असशील, ते तुलाच माहीत. घरी जाऊन आंघोळ केली, दमून झोपले, सोमवारी कामावर गेले. ते निदान एका दिवसाचे पाहुणे. सरपणाला, गवताला, रानभाजीला रोज त्याच रानात जाणाऱ्या ठाकर-कातकरी बाईला सुट्टीच नाही, आणि तिच्या अंगावर तुला शोधायला वेळही कोणाला नाही.

रानात जायचीही गरज नाही म्हणा. तुझी जी जात कुत्र्यावर पोसते, ती माणसाच्या ओटीवरच राहते. वाडीवरचं कुठलंही घर घ्यावं. दुपारी शाळेतून आलेला पोरगा कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसतो. कान उलटा करतो. आत तुझं अख्खं कुटुंब : चपटे तपकिरी नर, पोरसवदा पिल्लं, आणि मधोमध रक्त पिऊन टम्म फुगलेली, एरंडाच्या बीएवढी राखाडी मादी. पोरगा तिला दोन बोटांत धरून उपटतो, अंगठ्याच्या नखावर ठेवतो आणि दुसऱ्या नखाने फोडतो. काळपट रक्त बोटांवर येतं. ते चड्डीला पुसतो, डोळा चोळतो आणि पुढचीला हात घालतो. कुत्र्यावरची त्याची माया खरी, काम नेमाचं. त्याला कोणी सांगितलेलं नाही की फुटलेल्या गोचिडाचं रक्त नखाजवळच्या चिरेतून किंवा डोळ्यातून शिरलं, तरी तेवढ्यानेही आजार होऊ शकतो. तू न चावताही मारतोस, हे त्या पोराला कळायला हवं.

आणि तुझ्या घरातला वारसा तर बघावा. मादी गळून पडली की भिंतीच्या, फरशीच्या, कुडाच्या भेगेत शिरते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून सहा पायांची बारीक पिल्लं निघतात. पुढच्या दोन अवस्थांत आठ पाय येतात. प्रत्येक अवस्थेला रक्ताचं एक पोटभर जेवण, आणि ते मिळेपर्यंत महिनोन्‌महिने उपाशी राहायची तयारी. ज्या मादीच्या अंगात तापाचे रिकेट्सिया नावाचे जंतू असतात, ती ते अंड्यांतून पोरांना देऊन जाते. म्हणजे तुझं पिल्लू आयुष्यात एकदाही कोणाला चावलेलं नसतं, तेव्हाच ते रोगी असू शकतं.

आता चावण्याबद्दल. तुझ्या तोंडाला उलट्या काट्यांची सोंड आहे, त्यामुळे एकदा रुतलास की ओढून निघत नाहीस. शिवाय तुझ्यातले बरेचजण लाळेतून एक चिकट लेप सोडून स्वतःला कातडीला जोडून घेतात. त्याच लाळेत जागा बधिर करणारी द्रव्यं असतात, रक्त गोठू न देणारी असतात, अंगाची सूज आणि खाज दाबून टाकणारीही असतात. मोठी मादी आठवडाभर चिकटून राहते. माणसाच्या अंगावर तू जागाही अशा निवडतोस की आरशात दिसू नयेस : केसांत, कानामागे, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, गुडघ्याच्या मागे. जळू लागली तर निदान रक्ताचा ओघळ दिसतो. तू तेवढाही पुरावा ठेवत नाहीस.

चार दिवस, आठ दिवस, कधी दोन आठवडे जातात. मग अचानक मोठा ताप. डोकं फुटेल अशी कळ, अंग ठेचल्यासारखं, पोटऱ्या धरलेल्या, मळमळ, लहान मुलांच्या पोटात दुखणं, डोळे लाल. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास अंगावर पुरळ येतं, आणि ते बहुधा मनगटांवर आणि घोट्यांवर आधी दिसतं. तिथून ते धडाकडे जातं आणि तळहात-तळपायांवरही उतरतं. तापात पुरळ देणारे आजार पुष्कळ आहेत, पण तळहात-तळपाय रंगवणारे थोडे. तिथे तुझी सही असते. सावळ्या अंगावर ती पटकन दिसत नाही, उजेडात हात-पाय उलटून बघावी लागते. युरोपात भूमध्य सागराच्या काठी तुझ्या नातलगांचा असाच ताप येतो, तेव्हा चावल्या जागी काळी खपली सापडते. आपल्याकडे ती पुष्कळदा नसतेच. म्हणून खपली दिसली नाही एवढ्यावर तुला सोडून देणं चुकीचं.

आत काय चाललेलं असतं ते मी जाणूनबुजून सविस्तर लिहितो, कारण 'साधा गोचीड तर चावला' असं म्हणणाऱ्यांनी ते वाचावं. रिकेट्सिया हा जंतू मोकळ्या रक्तात फिरत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतलं जे पातळ अस्तर असतं, त्याच्या पेशींमध्ये तो शिरतो आणि तिथेच वाढतो. अस्तर सुजतं, फाटतं, पाझरू लागतं. कातडीखालच्या बारीक वाहिन्या पाझरल्या की बाहेर पुरळ दिसतं. पण वाहिन्या काही फक्त कातडीत नसतात. फुप्फुसात पाणी साचतं, धाप लागते. मूत्रपिंड मंदावतं. मेंदूच्या वाहिन्यांवर आलं की माणूस बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, घसरतात. फार पुढे गेलेल्या रुग्णाची बोटांची टोकं, कानाच्या पाळ्या काळ्या पडतात, कारण तिथवर रक्त पोचतच नाही. मुलाचा जीव वाचतो आणि बोटं जातात, असंही घडतं. या तापाला भारतीय टिक टायफस म्हणतात. आतड्याचा टायफॉइड वेगळा, हा वेगळा, आणि टायफॉइडवर चालणारी इंजेक्शनं याच्यावर चालत नाहीत.

तुझं खरं नशीब मात्र आमच्या पावसाळ्यात आहे. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत आमच्याकडच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसून बघावं. डेंगी आहे, हिवताप आहे, भातखाचरात अनवाणी उभं राहून होणारा लेप्टो आहे, टायफॉइड आहे, साधा विषाणूचा ताप आहे. सगळ्यांत ताप, सगळ्यांत अंगदुखी, बऱ्याच जणांत प्लेटलेट कमी. या गर्दीत तू अंग चोरून शिरतोस. डेंगीची तपासणी नकारार्थी येते, हिवतापाची नकारार्थी येते. मग ताप उतरवायचं इंजेक्शन, सलाईनची बाटली, एक प्रतिजैविक, ते चाललं नाही म्हणून दुसरं महागडं. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन कुळातली औषधं जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीवर वार करतात. पेशीच्या आत दडून बसलेल्या या जंतूचं त्यांनी काही बिघडत नाही. सल्फाच्या गोळ्यांनी तर आजार बळावू शकतो. पाच दिवस असे गेले की सहाव्या दिवशी रुग्णाला गाडीत घालून पनवेलला किंवा मुंबईला न्यायची धावपळ. तुझ्याच जातीने होणाऱ्या अमेरिकेतल्या अशाच तापाचा अनुभव सांगतो की योग्य औषध पहिल्या पाच दिवसांत सुरू झालं नाही तर मृत्यूचा धोका वाढतो. आमचे ते पाच दिवस तू तापाच्या गर्दीत खर्च करवतोस.

रक्ताच्या तपासण्यांवरही तुझी मर्जी आहे. वाइल-फेलिक्स ही तुझ्या तापाची जुनी तपासणी १९१६ सालची. लहान प्रयोगशाळेतही ती होते, पण अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा लागतो, म्हणून पहिल्या दिवसांत ती नकारार्थी येऊ शकते. नव्या तपासण्या जास्त भरवशाच्या आहेत, पण सगळीकडे होत नाहीत आणि त्यांचा अहवाल यायलाही वेळ जातो. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांचा रोख स्पष्ट आहे : रिकेट्सियाचा संशय आला की अहवालाची वाट न बघता औषध सुरू करावं. औषधाचं नाव डॉक्सिसायक्लिन. मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मुलांना वजनाप्रमाणे, गरोदर बाईला त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन, आणि हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्याने. बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. न उतरला तर निदान पुन्हा तपासायचं.

या गोळीची गंमत अशी की ती कोकणात नवखी नाही. लेप्टोच्या दिवसांत आरोग्यखातं हीच गोळी वाटतं. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात तुझ्या तापावरचं औषध ठेवलेलं असतं आणि त्याच्या समोरच्या बाकावर तुझा रुग्ण बसलेला असतो. दोघांमध्ये एका प्रश्नाचं अंतर असतं. लहान मुलांना ही गोळी दिली तर दात पिवळे पडतात, ही भीती त्याच कुळातल्या जुन्या टेट्रासायक्लिनवरून चालत आलेली आहे. थोड्या दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने मुलांच्या दातांवर डाग पडत नसल्याचं तपासून झालेलं आहे, आणि या आजारात कुठल्याही वयाला तेच पहिलं औषध मानलं जातं. दातांच्या काळजीने मुलाचा जीव धोक्यात घालू नये, हे मी आयांना आणि काही डॉक्टरांनाही हात जोडून सांगतो.

तुझी फाइल काही आज उघडलेली नाही. कुठलाही कीटक किंवा त्याचा भाऊबंद रोग वाहून नेतो, हे जनावरांच्या बाबतीत पहिल्यांदा ठामपणे सिद्ध झालं ते तुझ्याच विरुद्ध. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी अमेरिकेतल्या गुरांचा टेक्सास ताप गोचिडामुळे पसरतो हे १८९३ साली मांडलं. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला तो त्यानंतर चार वर्षांनी. १९०६ साली हॉवर्ड रिकेट्सने अमेरिकेतला ठिपक्यांचा ताप तुझ्या दंशाने होतो हे प्रयोगाने दाखवलं. पुढे उवांमधून पसरणाऱ्या टायफसचा शोध घेताना मेक्सिकोत तोच ताप होऊन तो १९१० साली गेला, आणि जंतूला त्याचं नाव मिळालं. भारतात मेगॉ या डॉक्टरने टायफससारखा ताप गोचिडामुळे येत असावा असा लेख १९२१ साली 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लिहिला. म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली. डास त्या काळात सरकारी कार्यक्रम झाला, त्याच्या नावाने फवारण्या झाल्या, घरांवर गेरूने तारखा पडल्या. तुझ्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही, आणि त्याचा तू पुरेपूर फायदा उठवलास.

महाराष्ट्रात मात्र तुला ओळखणारे निघाले. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ साली 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये तुझ्या या ठिपक्यांच्या तापाचं लवकर निदान करण्यासाठी एक गुणपद्धत मांडली. मूल खेड्यातलं आहे का, घरात जनावर आहे का, गोचीड चावला का, पुरळ तळहात-तळपायांवर आहे का, अशा गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरजेवरून ठरवायचं. महाग यंत्र नको. विचारायचं आणि बघायचं. कर्जत-खालापूरच्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर हा तक्ता लागायला हवा, असं मी आग्रहाने म्हणतो.

तुझ्या इतर कुळकथा थोडक्यात. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यातला विषाणू शोधला. तो वाहून नेणारा रानातला गोचीड, तुझाच सख्खा. लोक त्याला माकडताप म्हणतात. २०१५ साली तो गोव्यात सत्तरी तालुक्यात दिसला, २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्गच्या केर गावात, मग बांद्याकडे. काजूच्या बागेत बोंडं गोळा करणारी, पाला-सरपण आणणारी माणसं तापाने पडली, काही दगावली. हा विषाणू असल्याने डॉक्सिसायक्लिनचा त्यावर उपयोग नाही. नेमकं औषधच नाही, फक्त सांभाळणं. कर्जत, माथेरान, भीमाशंकर या पट्ट्यात माकडं पुष्कळ आणि रान सह्याद्रीचंच. म्हणून रानात मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर हात न लावता वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवावं. गुजरातेत साणंदजवळ जानेवारी २०११ मध्ये काँगो ताप निघाला, तोही तुझ्याच एका जातीचा. त्यात रुग्णाची सेवा करणारे डॉक्टर आणि परिचारिकासुद्धा गेले. २०२० साली पालघर जिल्ह्याने त्याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता.

गुरांचा हिशेब वेगळा मांडायला हवा, पण तो आमचे शेतकरी तुझ्यापेक्षा चांगला जाणतात. गोचीडतापाने संकरित गाय चारा टाकते, लघवी लाल होते, दूध आटतं, चांगली दुभती गाय आठवड्यात जमिनीला टेकते. गोठ्याच्या भेगा बुजवणं, भिंतींना चुना मारणं, पशुवैद्याने सांगितलेलं औषध सांगितल्या मात्रेत जनावराला आणि गोठ्यालाही लावणं, आणि ते पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा करणं, हे उपाय जुने आहेत. गोठ्यात चार कोंबड्या मोकळ्या सोडणारी आजी तुझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी शत्रू. औषध फक्त जनावराला लावून भिंत सोडून दिली तर तू भिंतीत बसून हसतोस.

तुझे साथीदारही इथे नोंदवतो. शनिवार-रविवारच्या बंगल्यासाठी राखणीला कुत्रा आणून पावसाळा संपल्यावर त्याला रस्त्यावर सोडून देणारा मालक. ओलसर उंच गवतात तंबू टाकून पाहुण्यांना जमिनीवर झोपवणारा आणि ते गवत कधी न कापणारा व्यवसायवाला. निदान होण्याआधीच तिसरं प्रतिजैविक लिहिणारा डॉक्टर. आणि 'एवढ्याशा किड्याचं काय सांगायचं डॉक्टरला, हसतील' असं म्हणणारे आम्ही. यातला शेवटचा साथीदार तुला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. घाटावरून शेळ्या घेऊन येणारा धनगर, बैल धुणारा गडी, घोड्याला खरारा करणारा माथेरानचा घोडेवाला यांना तू रोजचा. रोजच्या गोष्टीची तक्रार माणूस करत नाही. डॉक्टर आपणहून विचारतील तरच ते सांगतील, म्हणून विचारायची जबाबदारी डॉक्टरांची.

तुला अंगावरून काढायच्या आमच्या जुन्या रीतीही तुझ्या फायद्याच्या. कोणी रॉकेल ओततं, कोणी चुना लावतं, कोणी विझलेली काडी टेकवतं. त्याने तू गुदमरतोस आणि पोटातलं आणखी माणसाच्या अंगात सोडू शकतोस. टोकदार चिमट्याने कातडीला अगदी टेकून, तुझ्या पोटाला न दाबता तोंडाजवळ पकडायचं आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढायचं. चिमटा नसेल तर बोटांवर कापड किंवा प्लास्टिक धरून. मग जागा आणि हात साबणाने धुवायचे. तुला नखावर फोडायचं नाही, बाटलीत बंद करायचं किंवा चिकटपट्टीत गुंडाळून टाकायचं. जेवढ्या लवकर काढाल तेवढा धोका कमी, कारण जंतू अंगात जायला तुला बहुधा काही तास चिकटून राहावं लागतं. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि आंघोळीला बसताना एकमेकांच्या केसांत, कानामागे, काखेत, जांघेत बघणं. पँट मोज्यात खोचून चालणाऱ्याला गावात कोणी हसलं तर हसू द्यावं. कुत्र्याला पशुवैद्याकडून औषध, आणि त्याच्या अंगावरून तुला काढताना हातात मोजे.

हे सगळं वाचून तुला फरक पडणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून शेवटचं तुझ्याशी न बोलता वाचणाऱ्यांशी बोलतो.

घरातल्या दिनदर्शिकेवर गोचीड काढल्याची तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा : 'डॉक्टर, अमुक तारखेला गोचीड चावला होता.' चावलेला दिसला नसेल पण घरी कुत्रा, शेळी, गुरं असतील किंवा रानात जाणं झालं असेल, तर तेही सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, लिहून घ्या असं म्हणा, आणि मुलाच्या तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर उजेडात नेऊन दाखवा. आणि डॉक्टरांना विनंती अशी की पावसाळी तापाच्या प्रत्येक रुग्णाला डासांबद्दल विचारता तसंच गोचिडाबद्दलही विचारा. संशय आला तर डॉक्सिसायक्लिन त्याच दिवशी सुरू करा, अहवाल मागाहून येऊ दे.

कर्जत तालुक्यातला एक रहिवासी